अकराव्या विषयाला कुलूप

रात्री कडाक्याची थंडी आणि सकाळी लख्ख ऊन पडलं की मेपलच्या झाडांना रस सुटतो, आणि रस सुटला की तो आटवून काकवी करायला डनमूरमधली बरीच माणसं कढईपाशी अडकतात. हे नेमकं गावसभेच्याच दिवशी व्हायला हवं होतं असं काही नाही, पण यंदा झालं खरं. लव्हिनिया पेटिंगिलने टाउन हॉलच्या पायरीवर बुटांचा चिखल खरवडला, वरच्या निळ्या आभाळाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात धाकट्या भावाला चार शब्द सुनावले. मेरिल आज गुऱ्हाळ सोडून सकाळी येणार नव्हता, आणि त्याच्याबरोबर रस उकळणारे त्याचे दोस्तही येणार नव्हते.

"अकरावा विषय कधी दुपारच्या जेवणाआधी आलाय का?" तो काल म्हणाला होता. "बजेट, शाळा, आगीचा बंब, यातच तुमची सकाळ जाते. तुम्ही पाई खात असाल तेवढ्यात पोचतो आम्ही."

अकरावा विषय म्हणजे कोल्टर टेकडीचा रस्ता. गावाने तो आपल्या अंगावरून काढून टाकावा का, एवढाच प्रश्न. काढून टाकला की हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी टेकडी चढणार नाही, उन्हाळ्यात खड्डे बुजणार नाहीत आणि टेकडीवरच्या एकुलत्या एका घराने आपलं आपण बघायचं. ते घर लायमन काकांचं.

आईवडील एकाच हिवाळ्यात गेले तेव्हा थोरला ऑरिन अकरा वर्षांचा होता, लव्हिनिया आठची आणि मेरिल पाळण्यातला. वडिलांच्या या धाकट्या भावाने लग्नाचा विचार बाजूला ठेवला, मेंढ्या वाढवल्या आणि तिघांना मोठं केलं. गावसभेच्या दिवशी ते मुलांना घसरगाडीत घालून याच रस्त्याने खाली आणायचे, शेवटच्या बाकावर बसवायचे आणि सांगायचे, "बोलायचं नाही. बघायचं." स्वतःही बोलायचे नाहीत. लायमन पेटिंगिल गावसभेत एक शब्द बोलल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. मत मात्र त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

आणि हा विषय सभेपुढे आणला होता तो खुद्द ऑरिनने. तो गावच्या तीन पंचांपैकी एक. जानेवारीत वेंडेल गेजची बर्फगाडी टेकडीच्या वळणावर घसरली आणि ओढ्यात जाता जाता एका झाडाला अडून थांबली. वेंडेलला खरचटलंसुद्धा नाही, पण ऑरिनची झोप उडाली. गेल्या महिन्यात रविवारच्या जेवणावर बहीणभावाची जी जुंपली, ती याच्यावरूनच.

"वेंडेलला दोन लहान मुलं आहेत," ऑरिन म्हणाला होता. "त्याला काही झालं असतं तर मी त्याच्या बायकोला काय सांगणार होतो? पंचाचा काका वर राहतो म्हणून तुझा नवरा गेला?"

"आणि काकांना काय सांगणार आहेस? तुम्ही आम्हाला वाढवलंत, आता मेंढ्या विका आणि खाली या?"

"माझ्याकडे खोली तयार आहे. उबदार आहे."

"मेंढ्यांनाही खोली आहे का रे?"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. काका मात्र शांतपणे म्हणाले होते, "गाव ठरवेल तसं. गावाने नको म्हटलं तर मी उतरेन." लव्हिनियाला धास्ती वाटली ती याच वाक्याची. कारण काका खरंच उतरले असते. गावाने बहुमताने ठरवलेली गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी मोडली नव्हती. खालच्या उबदार खोलीत बसून ते खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले असते आणि एका शब्दाने कुणाला बोल लावला नसता.

तिला स्वतःला तर तोंडच नव्हतं. गेली कित्येक वर्षं डनमूरची सभापती तीच होती, आणि सभापतीने सभेत कुठली बाजू घ्यायची नसते. हातात हातोडा आला की बाईने आपली मतं कोटाबरोबर खुंटीला टांगायची, हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

हॉल निम्म्याहून जास्त भरला. मागच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या बीन्सचा वास येत होता. काका शेवटच्या बाकावर स्वतःची उशी घेऊन बसले होते आणि नेहमीसारखं चाकूने लाकडाचा चमचा कोरत होते. ऑरिन पुढे, पंचांच्या टेबलापाशी. मधल्या रांगेत मेरिलची बायको रोझाली, मांडीवर नियमांचं पुस्तक घेऊन.

रोझाली न्यू जर्सीची. अर्धं आयुष्य गावात काढूनही ती अजून बाहेरचीच समजली जायची. तालुक्याच्या हायस्कुलात ती राज्यकारभार शिकवायची: संसद, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय, कुणी कुणाला कसा लगाम घालायचा वगैरे. नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणात टर्की कापता कापता ती म्हणाली होती, "तुमची गावसभा मला आवडते, पण ज्याला त्या दिवशी काम सोडता येतं त्याचीच ती असते." लव्हिनियाने तेव्हा तिला ऐकवलं होतं, "पुस्तकातली लोकशाही शिकवून पगार मिळतो रोझाली. आमच्याकडे ती बाकावर बसून करावी लागते." सगळे हसले होते. आज ते आठवून लव्हिनियाला जरा चोरट्यासारखं झालं, कारण मेरिलची जागा रिकामी होती.

तिने हातोडा आपटला. अधिकारी निवडले गेले, बजेट झालं, शाळा झाली. आगीच्या बंबावर लोक हवे तेवढे बोलले. आणि मग मिल तळ्याच्या बाजूचा हॉलिस टारबॉक्स उठला.

डनमूरमध्ये बोलणाऱ्याने आधी नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगायचं असतं. समोरचा तुमच्या बारशाला आलेला असला तरी सांगायचं.

"हॉलिस टारबॉक्स, तळ्याचा रस्ता. सभापतीबाई, अकरावा विषय आत्ता, पुढचा म्हणून घ्यावा असं मी मांडतो. पंच ऑरिन इथे आहेत, लायमन इथे आहेत. त्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभर जीव टांगणीला लावून कशाला बसवायचं?"

बोलणं वरकरणी दयेचं होतं. टारबॉक्स तसा वाईट माणूसही नव्हता. पण काकांच्या बाजूचे कोण कोण गुऱ्हाळावर अडकलेत हे त्यालाही माहीत होतं आणि लव्हिनियालाही. नियमात काही खोट नव्हती. तिने मतं घेतली, आणि विषय वर आला.

"सुरू करण्याआधी एक," ती म्हणाली. "हा रस्ता माझ्या काकांचा आहे. मी इथे बसणं कुणालाही बरोबर वाटत नसेल तर त्याने आत्ता सांगावं. मी हातोडा दुसऱ्याच्या हातात देते. राग धरणार नाही."

मग टारबॉक्सच पुन्हा अर्धवट उठला.

"बाई, तुम्ही माझ्या सख्ख्या मेव्हण्याला याच खुर्चीतून गप्प बसवलंय, आणि त्याबद्दल माझी बायकोसुद्धा तुमची आभारी आहे. चालू करा."

हॉल हसला. लव्हिनियाला आतून भरून आलं. आपल्या माणसाचा प्रश्न असताना गावाने हातोडा आपल्याच हातात राहू द्यावा, यापेक्षा मोठं काही तिला या गावाकडून कधी मिळालं नव्हतं. आणि त्याच क्षणी तिला कळून चुकलं, की आता आवाजी मतदानात कान जे ऐकतील तेच तिला सांगावं लागणार.

ऑरिन थोडकंच बोलला. वळण, बर्फ, वेंडेलची गाडी. "ते माझे काका आहेत म्हणूनच मी बोलतोय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं घर असतं तर हा विषय केव्हाच आला असता. माझ्या घरच्यांसाठी वेगळा नियम नको." बोलताना त्याने मागच्या बाकाकडे एकदाही पाहिलं नाही. काका चमचा कोरत राहिले.

"हो म्हणणारे?" लव्हिनियाने विचारलं.

आवाज आला.

"नाही म्हणणारे?"

आवाज आला. तिने डोळे मिटून घेतले. जे ऐकलं ते तिला आवडलं नाही, पण ऐकलं तर होतं. "मला 'हो' जास्त वाटले," ती म्हणाली.

लगेच इकडून तिकडून हात वर झाले. सभापतीचा कान मान्य नसेल तर उभं राहून मोजणी मागता येते, तशी ती मागितली गेली. लव्हिनियाने मोजणारे नेमले आणि म्हणाली, "हो म्हणणाऱ्यांनी उभं राहावं."

ऑरिन उभा राहिला. टारबॉक्स, तळ्याकडचे सगळे. त्यांच्यामागोमाग आणखी काही जण. आणि मग लव्हिनियाला मधल्या रांगेत रोझाली दिसली. ती बसली होती, मान वळवून हॉल बघत होती. एकेक रांग, ओठ जरासे हलत होते. मग तिने मांडीवरचं पुस्तक बाकावर ठेवलं, उठली आणि 'हो' म्हणणाऱ्यांत उभी राहिली. सगळ्यांत शेवटी.

लव्हिनियाच्या कानशिलात कुणीतरी ठेवून दिल्यासारखं झालं. स्वतःचा नवरा रस उकळतोय, आणि ही बया काकांच्या घराविरुद्ध उभी राहते. ज्या काकांनी हिच्या लग्नात आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचं पांघरूण दिलं, त्या काकांच्या. गाव बघत होतं. ऑरिनसुद्धा वळून बघत होता.

'नाही' म्हणणारे उभे राहिले. काका कुठल्याच बाजूला उठले नाहीत. एरवी मत चुकवायचं नाही, पण स्वतःच्या कामासाठी स्वतः उभं राहायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

मोजणी झाली. 'हो' पाच मतांनी पुढे होते.

"विषय मंजूर," लव्हिनिया म्हणाली. आवाज स्वच्छ निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

यानंतर डनमूरमध्ये नेहमी एक गोष्ट व्हायची. जिंकलेल्या बाजूचं कुणीतरी उठून मांडायचं, की हा विषय या सभेत पुन्हा उघडू नये. गावात याला कुलूप घालणं म्हणत. ते घातलं नाही, तर जिंकलेल्या बाजूचाच एखादा माणूस सभा संपेपर्यंत केव्हाही फेरविचार मागू शकतो. आणि कुलूप घालणारा माणूस वर्षानुवर्षं एकच: ऑरिन पेटिंगिल. जरा घासून मतं पडली की तो हात वर करणारच. टारबॉक्सने दुसऱ्या बाकावरून अनुमोदन द्यायचं. दोघांची जोडी ठरलेली.

लव्हिनिया हातोडा धरून थांबली. ऑरिनने चष्मा काढला. रुमालाने काचा पुसल्या, पुसल्या आणि पुसतच बसला. स्वयंपाकघरातून जेवणाची घंटा वाजली. टारबॉक्सने एकदा ऑरिनकडे पाहिलं, एकदा चिकन पाई ठेवलेल्या टेबलाकडे, आणि पाईकडे निघाला.

"सभा जेवणासाठी तहकूब," लव्हिनिया म्हणाली.

ताट घेऊन ती काकांशेजारी जाऊन बसली. काका बीन्स मन लावून खात होते.

"काका, मी काही करू शकले नाही."

"तू जे करायचं ते केलंस. आवाज ऐकलास तसा सांगितलास." त्यांनी ब्रेडने ताट पुसलं. "यंदा कोकरं चांगली आहेत. वेंडेलकडच्या हॅरिएटला हवी होती चार. तिला आधी विचार."

"लगेच कोकरांची वाटणी?"

"मेंढीला वर सोडून खाली कसा येऊ?"

ती उठली. आणखी थोडा वेळ बसली असती तर सगळ्यांदेखत रडली असती. कॉफीच्या भांड्यापाशी ऑरिन उभा होता. महिनाभरात पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"रोझाली कुठाय?"

"मला काय माहीत? लाजून गेली असेल घरी. तुझ्या बाजूने उभी राहिली, तूच शोध."

"जेवली नाही ती. गाडी घेऊन गेली." ऑरिन कपात बघत होता. "तिने मेरिलला फसवलं असं वाटतं तुला?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," तो म्हणाला आणि कप तसाच ठेवून निघून गेला. इतक्या वर्षांत ऑरिनला काही वाटत नाही असं झालेलं तिने पाहिलं नव्हतं.

दुपारची सभा सुरू झाली. वाचनालयाच्या छपराचा विषय अर्ध्यावर असताना मागचं दार उघडलं. थंड हवेबरोबर धूर आणि काकवीचा वास आत आला. मेरिल, त्याच्यामागे वेंडेल गेज, त्याच्यामागे गुऱ्हाळावरची बाकीची माणसं, सगळी घामाने आणि वाफेने लाल झालेली. सगळ्यांच्या पुढे रोझाली, चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेली. तिची गाडी कुठेतरी रुतली असणार आणि ती चालत गेली असणार, हे तिच्या बुटांकडे बघून कळत होतं. मेरिलचा चेहरा रागाने ताठ होता, आणि तो राग बायकोवर नव्हता.

वाचनालयाचं छप्पर मंजूर झालं. लव्हिनिया पुढचा विषय वाचणार, तोच रोझाली उठली.

"रोझाली पेटिंगिल, मिल रस्ता. सभापतीबाई, अकराव्या विषयावर मी जिंकलेल्या बाजूने मत दिलं होतं. मी त्याचा फेरविचार मांडते."

हॉलमध्ये कुजबूज झाली. लव्हिनियाच्या हातातला कागद खाली आला. डोक्यात सकाळचं सगळं एकदम उलटं फिरलं: वळलेली मान, हलणारे ओठ, सगळ्यांत शेवटी उभं राहणं. रोझाली माणसं मोजत होती. 'नाही' म्हणणारे कमी पडणार हे दिसल्यावर ती पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, म्हणजे पलीकडून दार उघडता यावं. काकांच्या बाजूचं कुणीही हे करू शकलं नसतं. आणि हे करताना सगळं गाव आपल्याला काय म्हणेल, आपली नणंद काय म्हणेल, हे ठाऊक असूनही उठली होती.

"ही चलाखी आहे," टारबॉक्स बसल्या जागेवरून म्हणाला.

"हॉलिस, नाव आणि ठिकाण."

"हॉलिस टारबॉक्स, तळ्याचा रस्ता, आणि ही चलाखी आहे."

"सकाळी तुम्ही विषय वर घेतलात, तो नियमाने," लव्हिनिया म्हणाली. "मी तुम्हाला अडवलं नाही. या बाई जिंकलेल्या बाजूला उभ्या होत्या. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलं. विषयाला कुलूप नाही. मांडणं नियमात बसतं. माझा हा निर्णय कुणाला मान्य नसेल तर सभेकडे दाद मागा."

टारबॉक्सने थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. पाईच्या नादात मीच विसरलो." आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

फेरविचार मान्य झाला. रस्ता पुन्हा सभेपुढे आला. वेंडेल टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"वेंडेल गेज, पुलाचा रस्ता. सकाळी माझ्या जिवाची बरीच काळजी झाली म्हणे. आभारी आहे. खरंच." तो ऑरिनकडे वळला. "पण मला कुणी विचारलं नाही. गाडी घसरली कारण त्या दिवशी मी चाकांना साखळ्या लावल्या नव्हत्या."

"हे तू मला सांगितलं नाहीस," ऑरिन म्हणाला.

"तू ओरडला असतास."

"आत्ताही ओरडणार आहे."

लोक हसले, पण वेंडेल हसला नाही. "वळणावर वाळू टाका आणि तो एक मोडका कठडा नीट करा. मी जाईन. माझा बापही जायचा. वर पोचलं की लायमन बाहेर कॉफी घेऊन उभे असतात. एवढ्या सगळ्या रस्त्यांत गाडीची वाट बघत कुणी कॉफी घेऊन उभं राहात नाही. बाकी लोक फोन करतात, की उशीर का झाला."

तो बसला. लव्हिनियाने मोजणी घेतली. यावेळी ऑरिन काय करतो हे बघायला सगळे थांबले होते. ऑरिन 'हो'च्या बाजूने उभा राहिला. आपण आणलेल्या विषयाला तो पाठ दाखवणारा नव्हता. लव्हिनियाला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. भीतीपोटी का होईना, जे बोलला होता त्यासाठी तो सगळ्यांदेखत उभा होता, ताठ, काकांनी शिकवल्यासारखा.

मोजणारे दुसऱ्यांदा पडताळत होते तेवढ्यात रोझाली टेबलापाशी पाण्याचा पेला घ्यायला आली.

"सकाळी मी तुला मनात फार वाईट बोलले," लव्हिनिया हळूच म्हणाली.

"माहीत आहे. तुझा चेहरा सगळ्या हॉलला दिसत होता."

"मला सांगायचं तरी."

"कुणाला? सभापतीला?" रोझालीने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तुला हातोडा खाली ठेवावा लागला असता. तू ठेवलाही असतास."

"नोव्हेंबरात तू जे म्हणाली होतीस, काम सोडता येणाऱ्यांबद्दल, ते खरं होतं."

"हो. पण तुझं बाकाचंही खरं होतं."

"मी तुझे आभार कसे मानू ते मला कळत नाहीये."

"माझी गाडी पुलाजवळ चाकापर्यंत रुतली आहे," रोझाली म्हणाली. "मेरिलच्या ट्रकने निघणार नाही. तुझा ट्रॅक्टर लागेल."

लव्हिनियाला हसू आलं, आणि हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही. ते तिने कोटाच्या बाहीने पुसलं. मोजणाऱ्यांनी कागद दिला. तिने तो दोनदा वाचला.

"'नाही' नऊ मतांनी पुढे. विषय नामंजूर. कोल्टर टेकडीचा रस्ता गावाकडेच राहील."

टाळ्या झाल्या नाहीत. गावसभेत मतांवर टाळ्या वाजवत नाहीत. मेरिलने फक्त बायकोचा चिखलाचा हात हातात घेतला. काकांचा चाकू थांबला होता. अर्धा कोरलेला चमचा तसाच हातात होता.

लव्हिनिया पुढचा विषय वाचायला वाकली, आणि पुढच्या टेबलापाशी एक हात वर झाला.

"ऑरिन पेटिंगिल, मुख्य रस्ता." तो आवाज खाकरून मोकळा करत होता. "सभापतीबाई, अकरावा विषय या सभेत पुन्हा उघडू नये असं मी मांडतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कुलूप घालणारा नेहमी जिंकलेल्या बाजूचा असतो. हा तर हरला होता, आणि स्वतःच्या हरण्यालाच कुलूप घालत होता, म्हणजे सभा संपेपर्यंत कुणी ते दार पुन्हा हलवू नये. मग तिला सकाळचा चष्मा आठवला. पुसून पुसून झालेल्या काचा. ऑरिन सकाळी विसरला नव्हता. पंच म्हणून जे बोलायचं ते बोलून झाल्यावर, दार तेवढं त्याने लोटून ठेवलं होतं, कडी न लावता. गेल्या महिन्यातल्या त्या रविवारच्या जेवणावर ती त्याला काय काय बोलली होती. ते सगळं तिला परत घ्यावंसं वाटलं, एकेक शब्द.

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, पण चष्मा नाकावर नीट बसवला.

"मांडणी आली आहे," लव्हिनिया म्हणाली. आवाज यावेळी स्वच्छ निघाला नाही, आणि तिने तसा काढायचा प्रयत्नही केला नाही. "अनुमोदन आहे का?"

सगळ्यांच्या माना टारबॉक्सकडे वळल्या. टारबॉक्स उठायला टेकला होता, पण अर्ध्यावरच थांबला आणि मागे बघू लागला. शेवटच्या बाकावर काका उभे राहत होते. पुढच्या बाकाचा आधार घेत, सावकाश, लाकडाच्या कपच्या मांडीवरून खाली सांडत.

"अनुमोदन," ते म्हणाले.

हॉलमध्ये अशी शांतता झाली की स्वयंपाकघरातल्या बायका भांडी सोडून दारात आल्या. गावाचा लेखनिक पेन हातात धरून बसला होता. त्या माणसाला तो जन्मापासून ओळखत होता, पण कागदावर नाव लागतं, आणि लव्हिनियाला विचारणं भाग होतं.

"नाव आणि राहण्याचं ठिकाण सांगा," ती म्हणाली.

"लायमन पेटिंगिल," काका म्हणाले. "कोल्टर टेकडीचा रस्ता."